राजनंदिनीचे पालक

अनुजा सासनेच्या कंपनीत सातच माणसं होती. राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून ती कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी वेब ॲप्लिकेशन्स बनवायची. कुठल्या मशीनवर किती माल निघाला, कुठला ट्रक कधी गेटबाहेर पडला, अशा नोंदींची. ही सगळी ॲप्स एका जुन्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेली होती, आणि तो सर्व्हर वर्षभरात चारदा बसला होता. चौथ्या वेळी एका कारखान्याचे अकरा ट्रक दुपारभर गेटवर उभे राहिले. त्यानंतर कंपनीचे मालक धवल देशपांडे यांनी एका नव्या परदेशी क्लाउड प्लॅटफॉर्मचं नाव काढलं, आणि तो तपासायचं काम अनुजाकडे आलं.

"लगेच कारखान्यांचं काही हलवू नकोस," धवल सर म्हणाले. "आधी एखादं छोटं ॲप टाकून बघ. खरी माणसं वापरतील असं, पण बंद पडलं तर कुणाचं काही बिघडणार नाही असं. बिनमहत्त्वाचं."

अनुजानं जरा विचार केला. "म्हशींची सौंदर्य स्पर्धा चालेल, सर?"

"उत्तम," सर म्हणाले. सरांचं सगळं शिक्षण पुण्यात झालं होतं.

अनुजा कसबा बावड्याची. तिथं पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पाठीवर केस कापून काढलेली नक्षी. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं पळत. अनुजाचे चुलते आकाराम सासने, म्हणजे तिचे तात्या, गल्लीच्या मंडळाचे सेक्रेटरी होते आणि सर्वांत देखण्या म्हशीची निवड मंडळ करायचं. आदल्या वर्षी त्यांनी मतं व्हॉट्सॲपवर मागवली. मोजणी तुळशीच्या लग्नापर्यंत चालली, आणि निकाल लागला तेव्हा निवड समितीतले तिघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते.

त्यामुळं अनुजानं ऑनलाइन मतदानाचं सांगितल्यावर तात्या लगेच सरसावून बसले. त्यांना फक्त एक कळत नव्हतं.

"ते ॲप ठेवायचं कुठं म्हणालीस?"

"भाड्याच्या जागेत, तात्या. गोठाच समजा. आपली एक म्हैस असली तर एका म्हशीपुरता. उद्या शंभर आल्या तर गोठा आपोआप शंभर म्हशींचा होतो. गेल्या की परत लहान."

"आणि शेणघाण?"

"तीपण तेच काढतात. आपण फक्त म्हैस नेऊन बांधायची."

चाळीस वर्षं तात्यांनी स्वतःच्या हातानं गोठा झाडला होता. "असला गोठा आमास्नी कुणी दावला न्हाय गं," ते म्हणाले. "घे तू."

अनुजानं चार दिवसांत ॲप तयार केलं. जुन्या सर्व्हरवर नवं काही चढवायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. नव्या प्लॅटफॉर्मवर तिनं एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत साइट चालू झालेली होती. तिचा विश्वास बसेना. तिनं ती काढून टाकली आणि परत चढवली, नुसती बघायला. दोन भाषांत साइट नीट चालते का तेही सरांना हवं होतं, म्हणून तिनं सगळा मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाकला.

मजकूर तात्यांनीच लिहून आणला होता. एकतीस म्हशी. प्रत्येकीचं नाव, वय, स्वभाव आणि थोडी माहिती. "राजनंदिनी. वय पाच. स्वभाव शांत. अनोळखी माणसाला लाथ मारते. दोन वेळचं मिळून चौदा लिटर." "मोहिनी. वय सात. केसांची निगा उत्तम. पाण्यातून लवकर बाहेर येत नाही." अनुजानं तो शब्दाला शब्द लावून इंग्रजीत केला. सगळ्या म्हशीच आहेत हे कुठं लिहावं असं तिला वाटलं नाही आणि तात्यांनाही. फोटो दिसतच होते.

वसुबारसेच्या सकाळी नऊला मतदान सुरू झालं. दुपारी बारापर्यंत चार हजार मतं पडली. संध्याकाळी पाचला नऊ हजार. सुट्टीवर आलेले, पुण्यात असलेले, दुबईत असलेले, सगळे बावडेकर तुटून पडले होते. प्लॅटफॉर्म जरासुद्धा हलला नाही. गर्दी वाढली की तो स्वतःच जागा वाढवून घ्यायचा, आणि त्याचा आलेख पडद्यावर चढताना दिसायचा. अनुजानं तो धवल सरांना नेऊन दाखवला.

"नऊ हजार?" सर म्हणाले. "म्हशींना?"

"अजून पाडव्यापर्यंत वेळ आहे, सर."

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, सकाळी दहा वाजता तात्यांचा फोन आला.

"अनू, अगं उघडंना झालंय की. पांढरं पान येतंय आणि इंग्रजीत कायतरी लिवलंय."

अनुजानं उघडून बघितलं. साइट बंद होती. मेलमध्ये पत्र येऊन पडलं होतं. तिनं ते एकदा वाचलं, मग खुर्ची जवळ ओढून परत वाचलं.

पत्रात म्हटलं होतं की आमच्या स्वयंचलित तपासणीत तुमच्या साइटवर तेरा वर्षांखालील एकतीस मुलींची नावं, वयं आणि छायाचित्रं पालकांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध झालेली आढळली आहेत. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे खातं तात्पुरतं बंद केलं आहे. एका मुलीच्या नोंदीतल्या "चौदा लिटर" या उल्लेखाचा अर्थ लागला नाही, तरी खुलासा करावा.

म्हशींचे फोटो त्या यंत्रानं बघितलेच नव्हते. त्यानं फक्त वाचलं होतं.

अनुजाला आधी हसू आलं. मग तिनं मदतीची खिडकी उघडली. तिथंही एक यंत्रच बसलं होतं. तिनं लिहिलं की गैरसमज झालाय, या मुली नाहीत, म्हशी आहेत.

उत्तर लगेच आलं. "आम्ही सर्व स्पर्धकांचा आदर करतो, मग त्यांची शरीरयष्टी कशीही असो. कृपया लहान मुलांबद्दल अपमानकारक शब्द वापरू नका."

अनुजानं लिहिलं की हा अपमान नाही, त्या खरोखरच म्हशी आहेत, चार पायांच्या. आणि राजनंदिनीचा फोटो जोडला.

"अल्पवयीन व्यक्तींची छायाचित्रं या खिडकीत स्वीकारली जात नाहीत. तुमच्या खात्यावर दुसरी नोंद करण्यात आली आहे."

आता तिला हसू येईना. एखाद्या माणसाशी बोलायला मिळेल का, असं तिनं विचारलं. मिळेल, यंत्र म्हणालं, कामकाजाच्या पाच दिवसांत. पाडवा तीन दिवसांवर होता.

जुन्या सर्व्हरवर ॲप परत नेणं तिला एका तासात जमलं असतं. पण पडलेली सगळी मतं त्या बंद खात्याच्या आत होती, आणि त्यांची प्रत तिनं कुठंही काढून ठेवलेली नव्हती. कारखान्याचं ॲप असतं तर ती रोज प्रत काढायची. इथं काढली नाही, कारण बिनमहत्त्वाचं होतं. हे तिनं धवल सरांना जाऊन सांगितलं, आणि सांगता सांगता वाजणारा फोन दोनदा कापला.

"म्हणजे आपल्याला जे शोधायचं होतं ते सापडलं," सर शांतपणे म्हणाले. "लिहून ठेव. तू एवढी का घाबरलीयस?"

"सर, तुम्ही एकदा बावड्याला या."

फोन थांबत नव्हते. गगनबावड्याहून एक पावणं म्हणाले की रेंजसाठी देवळाच्या पायऱ्या चढून गेलतो, आणि मत घेत न्हाय म्हंतंय. नेसरीच्या एका मोठ्या कुटुंबानं जावयाच्या म्हशीला मत द्यायला सगळ्यांना एका जागी बसवलं होतं आणि ते अजून तसेच बसून होते. मोहिनीचा मालक म्हणाला की आपली म्हैस पुढं होती म्हणूनच कुणीतरी बंद पाडलं. मोहिनी अकरावी होती.

संध्याकाळी पाचला अनुजा तात्यांसमोर बसली आणि पत्राचा अर्थ मराठीत सांगितला.

"मग त्यास्नी पायजे काय?" तात्यांनी विचारलं.

"पालकांची लेखी संमती. प्रत्येकीच्या."

"देऊ की मग."

"तात्या, म्हशींची पालक म्हणून सही? खोटं कसं लिहायचं?"

"वाच बगू काय लिवलंय त्या कागदात."

अनुजानं फोनवर अर्ज उघडून वाचला. मी या स्पर्धकाचा सांभाळ करतो. तिचं खाणं, आरोग्य आणि सुरक्षितता ही माझी जबाबदारी आहे. तिचं नाव, वय आणि छायाचित्र प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही.

"ह्यात खोटं काय हाय?" तात्या म्हणाले. "गेल्या वर्साला हरणीला ताप आल्ता तवा तीन दिवस गोठ्यात कोण बसलंतं? मीच की. माज्या स्वोताच्या पोरांच्यापाशी मी कवा एवडा बसलो न्हाय."

अनुजानं एकच ठरवलं. प्रत्येक अर्जात शेवटी "अन्य माहिती" असा रकाना होता, त्यात "स्पर्धक ही म्हैस आहे" असं स्पष्ट लिहायचं. कुणी वाचो न वाचो.

नरकचतुर्दशीच्या सकाळी नऊ वाजता, आंघोळी आणि फराळ उरकून, सगळे मालक मंडळाच्या खोलीसमोर रांगेत उभे होते. अंगाला उटण्याचा वास येत होता. अनुजानं टेबल मांडून एकेकाचा अर्ज भरायला घेतला. "स्पर्धकाशी नातं" या रकान्यात पहिल्यानं "मालक" सांगितलं. दुसरा विचार करून म्हणाला, "भाऊ लिव." तिसऱ्यानं विचारलं की बायको म्हैस सांभाळते, मी नुसता दूध घालतो, तर कोण पालक? रांगेतून दोनतीन जणांनी एकदम सांगितलं की बायको. तो तिला बोलवायला घरी गेला.

खरी अडचण आली ती अर्जातल्या चौथ्या ओळीनं. "स्पर्धकाला समजेल अशा भाषेत मी तिला स्पर्धेची माहिती दिली आहे, आणि तिची हरकत नाही."

"ह्याला टिक करून टाकते," अनुजा म्हणाली.

"तसं कसं," मोहिनीचा मालक म्हणाला. "सांगितल्याबिगर टिक कशी करणार? उद्या चौकशी आली म्हंजे?"

आणि खरोखरच सगळे रांग सोडून आपापल्या गोठ्याकडं गेले. अनुजा रिकाम्या टेबलाशी बसून राहिली. पंधरावीस मिनिटांत एकेक जण परत येऊ लागला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगू लागला, सांगितलं, हरकत न्हाय. एकानं सांगितलं की मान हलवली, पण माशीमुळं हलवली असली तर सांगता येत न्हाय. त्याला तात्यांनी परत पाठवलं.

अकरा वाजेपर्यंत तीस अर्ज झाले. राहिली राजनंदिनी.

राजनंदिनी आक्कांची. आक्का साठीच्या पुढच्या, पण पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून, दूध घालून, परत येऊन वैरण कापणाऱ्या. त्यांना दोन मुलगे, थोरला धैर्यशील आणि धाकटा विजयसिंह. दोन वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली गेली, आणि त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. गोठा मागच्या बाजूला होता. त्याच्या मधनं भिंत घालायला आक्कांनी दिली नाही. त्यामुळं राजनंदिनी कुणाच्याच वाटणीला गेली नव्हती. सकाळी धैर्यशील तिला धुवायचा, संध्याकाळी विजयसिंह फिरवून आणायचा, आणि पाडव्याला तिच्या पुढं मोटरसायकल कुणी चालवायची हा प्रश्न दरवर्षी आदल्या दिवसापर्यंत राहायचा.

तिघंही टेबलाशी आले. मुलगे आक्कांच्या दोन बाजूंना उभे राहिले, एक पूर्वेकडं बघत, एक पश्चिमेकडं.

"आक्का, तुम्ही सही करा," अनुजा म्हणाली. "म्हैस तुमची."

"मी न्हाय करत," आक्का म्हणाल्या. "ही दोगं करत्यात."

"दोघांची गरज नाही हो. एकाची चालते."

"एकाची कुणाची?"

आक्कांनी पदर सारखा केला. "आज मी हाय. उद्या मी न्हाय. मग तिला बगायचं कुणी? लिवून घे दोगांचं. मी जाऊन तिला सांगून येतो." आणि बावड्याच्या बाया बोलतात तशा पुरुषी बोलीत एवढं सांगून त्या गोठ्याकडं गेल्या.

अनुजानं अर्जात "पालक दोन" असं नोंदवलं, आणि मग तिला दिसलं की दोन पालक असले तर नियम वेगळा आहे. दोघांनी एकत्र फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. चेहऱ्यांची खात्री यंत्र स्वतः करणार. तिनं भाषा मराठी निवडली, फोन समोर धरला, आणि फोनमधून एका बाईचा सपाट आवाज आला.

"कृपया दोन्ही पालकांनी चौकटीत यावे."

दोघा भावांमध्ये आक्कांची रिकामी जागा होती. ते जागेवरून हलले नाहीत.

"एकच पालक दिसत आहे. कृपया जवळ या."

विजयसिंह अर्धं पाऊल सरकला. धैर्यशीलनं घसा साफ केला.

"कृपया आणखी जवळ या."

तात्या उगाच मंडळाचा फलक वाचत होते. अनुजाला वाटलं की फोन जरा मागं नेला तर दोघं चौकटीत बसतील आणि प्रसंग टळेल. तिनं एक पाऊल मागं टाकलं.

"चेहरे अस्पष्ट आहेत," आवाज म्हणाला. "कृपया कॅमेरा जवळ आणा आणि पालकांनी एकमेकांच्या जवळ उभे राहावे."

आता दोघांचे खांदे टेकले. धैर्यशील उंच होता, त्याचं कपाळ वर कापलं जात होतं.

"कृपया मान खाली करा."

"कुणाला म्हंतीया?" धैर्यशीलनं समोर बघतच विचारलं.

"तुला," विजयसिंह म्हणाला.

दोन वर्षांतला तो पहिला शब्द. धैर्यशीलनं मान खाली घातली. फोनमध्ये एक हिरवं वर्तुळ फिरलं आणि आवाज म्हणाला की दोन्ही पालकांची खात्री झाली आहे, धन्यवाद. दोघं लगेच बाजूला झाले आणि वेगवेगळ्या दिशांना निघून गेले. आक्का गोठ्याकडून परत आल्या तेव्हा टेबलाशी अनुजाच होती.

"तिची हरकत न्हाय," आक्का म्हणाल्या. "झालं का?"

"झालं, आक्का."

साडेअकराला अनुजानं एकतीस अर्ज एकदम पाठवले. "चौदा लिटर"च्या खुलाशात तिनं सरळ "दूध" असं लिहिलं. नऊ मिनिटांत उत्तर आलं. सर्व पालकांची संमती मिळाली आहे. चौदा लिटर दुधाबद्दलचा खुलासा समाधानकारक आहे. सहकार्याबद्दल आभार, आणि सर्व मुलींना स्पर्धेसाठी शुभेच्छा.

साइट उघडली. मतं जागच्या जागी होती, एकसुद्धा गेलं नव्हतं. अनुजानं पहिलं काम काय केलं असेल तर सगळ्या मतांची प्रत काढून स्वतःच्या संगणकावर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर ठेवली, आणि तिसरी तात्यांच्या फोनवर पाठवली. तात्यांना ती उघडता येणार नव्हती, पण त्यांनी जपून ठेवतो म्हणून सांगितलं.

पाडव्याला दुपारी चारपर्यंत बावीस हजार मतं पडली. धवल सर मुलीला घेऊन बघायला आले होते. रस्त्याच्या कडेला गर्दीत उभं राहून त्यांनी रंगवलेली शिंगं, कवड्या, मागनं धूळ उडवत येणाऱ्या म्हशी बघितल्या. एका म्हशीनं त्यांच्या बुटावर पाय दिला. निकाल सांगताना तात्यांचा आवाज लाउडस्पीकर फाडत होता. पहिली आली तात्यांच्या शेजाऱ्यांची चंद्रा. विजयसिंहच्या मोटरसायकलमागं पळालेली राजनंदिनी तिसरी. मोहिनीचा मालक निकालावर हरकत घ्यायला आला, अनुजानं त्याला पडद्यावर एकेक आकडा दाखवला, आणि तो अकरावा नंबर मान्य करून गेला.

"कारखान्यांची ॲप नेऊया का इथं?" परतताना सरांनी विचारलं.

"नेऊया. प्लॅटफॉर्म पडत नाही, गर्दीला घाबरत नाही. पण रोज प्रत आपल्याकडं ठेवायची. आणि नेण्याआधी त्यांचा एक माणूस आपल्याला नावानिशी माहीत पाहिजे, फोन उचलणारा. तो मिळेपर्यंत नको."

"आणि मशीनना काही मुलींची नावं दिलीयत का बघ," सर म्हणाले. अनुजानं तेही लिहून घेतलं. एका कारखान्यात दोन मशीनची नावं खरंच तशी होती.

भाऊबीजेला ती तात्यांकडं जेवायला गेली, तेव्हा जाताना आक्कांच्या गोठ्यात डोकावली. राजनंदिनी वैरण खात उभी होती. तिच्या एका बाजूला धैर्यशील होता, दुसऱ्या बाजूला विजयसिंह, आणि तिच्या पाठीवरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

"डांबरावरनं पळीवलंस किती तिला. खूर बग, खूर."

"तू धुताना बगितलं न्हाईस व्हय? तवाच बारीक भेग हुती."

"मग बोलला न्हाईस ते?"

"कसं बोलणार?"

धैर्यशील खाली बसून खूर उचलून बघू लागला. विजयसिंह उजेडासाठी दारातून बाजूला झाला. आक्का अनुजाला म्हणाल्या, तू थांब, च्या घेऊन जा, आणि दोघांच्या मध्ये न पडता आत जाऊन त्यांनी चार कपांचं आधण ठेवलं.